घर निपाणीचं, फोन कोल्हापूरचा

"आपला जिल्हा सांगा," पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"बेळगाव."

"तालुका?"

"निपाणी."

थोडा वेळ कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "सर, बेळगाव आमच्याकडे येत नाही. हे महाराष्ट्राचं केंद्र आहे. पेशंट कुठे आहे?"

पेशंट माझ्यासमोर खाटेवर बसला होता आणि त्या घडीला बरा होता. मी बाईंना सांगितलं की ही टेस्ट आहे, मी फोन कंपनीचा इंजिनिअर आहे, त्रासाबद्दल माफ करा. "टेस्ट असेल तर लाइन मोकळी करा सर," त्या म्हणाल्या. योग्यच होतं. मी रिसीव्हर ठेवला.

आक्का उंबऱ्यात उभ्या होत्या.

"काय म्हणत्यात?"

"एकशेआठ पलीकडं लागला, आक्का. महाराष्ट्रात."

"म्हंजे मोबाइलवाणीच."

"व्हय."

"मग ह्यो खोका घिऊन आमी काय मिळवलं?"

निपाणी भागात मी एका खासगी इंटरनेट कंपनीचा फील्ड इंजिनिअर आहे. ज्या घरात आमची फायबर गेली, तिथून तक्रार आली की जाऊन बघायचं, हे माझं काम. कंपनीचं नाव लिहिणार नाही. त्याची गरजही नाही. आपल्या घरात कुठल्या कंपनीचा खोका आहे ते वाचणाऱ्याला माहीत असतं.

हे घर गावाबाहेर मळ्यात आहे. घरामागून ओढा जातो. ओढ्यापलीकडचा ऊस कागल तालुक्यातला, अलीकडचा निपाणीतला. पलीकडं महाराष्ट्र, अलीकडं कर्नाटक. उसाला त्याने फरक पडत नाही. फोनला पडतो.

घरात दोघंच राहतात. आप्पा आणि आक्का. आप्पांनी उमेदीची सगळी वर्षं निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत काढली. तंबाखू चाळायची, पोती भरायची. ती धूळ छातीत राहिली. आता त्यांना धाप लागते. साधी नव्हे. लागली की ओठ काळेनिळे पडतात. डॉक्टरांनी आक्कांना बजावून ठेवलं आहे की अशा वेळी कुणाची मोटारसायकल शोधत बसायचं नाही. रुग्णवाहिका बोलवायची, कारण तिच्यात ऑक्सिजन असतो. निपाणीपर्यंतचा रस्ता आप्पांना त्या नळीशिवाय काढता येईलच असं नाही.

मुलगा सुनील बेळगावला उद्यमबागेत एका इंजिनिअरिंग युनिटमध्ये आहे. खासबागेत खोली घेऊन राहतो. आठवड्यातून एकदा घरी येतो.

मोबाइलचा या घरात उपयोग नाही. मळा खोलगट जागेत आहे. सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, उभं राहिलं तर ओढ्यापलीकडचा टॉवर सापडतो, न्हाणीमागं गेलं तर कधीकधी अलीकडचा. आक्का म्हणतात, "भांडी घासायला कर्नाटकात जातो, जेवायला महाराष्ट्रात येतो." हे हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पण सोप्यातून एकशेआठ लावला की तो पलीकडच्या राज्यात वाजतो. एकदा तसं झालं होतं. तेव्हापासून आक्कांनी जुनी लँडलाइन जपून ठेवली होती. गेल्या वर्षी दोनदा त्यांनी त्या फोनवरून गाडी बोलावली आणि दोन्ही वेळा गाडी आली.

मग आमची स्कीम आली.

स्कीम अशी: जुनी लँडलाइन सोडा, आमची फायबर घ्या. जोडणी मोफत, इंटरनेट आणि बोलणं एकाच भाड्यात. खोक्याला जुन्यासारखाच दिसणारा फोन जोडून मिळतो. डायल टोनही तसाच येतो. कंपनीच्या जाहिरातीत याला 'लँडलाइन' म्हणतात. ती लँडलाइन नाही. ते इंटरनेटवरून केलेलं बोलणं आहे. तुमचा आवाज डेटा होऊन केबलमधून जातो आणि लांबच्या एका सर्व्हरवर पुन्हा फोन बनतो. दिसायला दोन्ही सारखे. गोंधळ तिथेच सुरू होतो आणि तो गोंधळ विक्रीला सोयीचा आहे.

सुनीलने स्कीम घेतली. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला बापाचं तोंड रोज बघायचं होतं. व्हिडिओवर बघितलं की धाप किती आहे ते कळतं. जुनी लाइन पावसाळ्यात खरखरायची. शहाण्या माणसाने हेच केलं असतं. त्याने विक्री करणाऱ्याला एकच विचारलं होतं, "आईला ह्याच्यावरनं सगळीकडं फोन लावता येईल न्हवं?" उत्तर मिळालं, "अमेरिकेलासुद्धा."

अमेरिकेत आप्पांचं कुणी नाही.

टीम आली, फायबर ओढली, खोका बसवला. जाताना खांबावरची जुनी तांब्याची तार कापून, गुंडाळून, आक्कांच्या गोठ्यात टाकून गेली. जुनी तार कापा असं कंपनी कुठेही लिहून देत नाही. पण जुनी लाइन जिवंत राहिली तर गिऱ्हाईक महिन्याभरात तिच्यावर परत जाऊ शकतं, हे टीमला माहीत असतं. परत गेलं की टीमचा इन्सेंटिव्ह जातो. म्हणून तार कापली जाते. दुसऱ्या कंपनीची तार, दुसऱ्याच्या मळ्यात.

मी तिथे गेलो ते वेगळ्याच तक्रारीवर. 'फोन मधूनच मरतो' एवढीच तक्रार होती.

त्याचं कारण लवकर सापडलं. तांब्याच्या लाइनला लागणारी वीज त्याच तारेतून एक्स्चेंजमधून येते. घरात करंट नसला तरी फोन चालतो. फायबर म्हणजे काच. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून खोक्याला घरची वीज लागते. मळ्यात वीज कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. थ्री फेज ठरलेल्या वेळेला येते. एरवी दिव्यापुरती असते. त्या दिव्यापुरत्या विजेवर शेजारचे लोक कंडेन्सर लावून मोटार चालवतात. कंडेन्सर म्हणजे मोटारीला फसवून तिसरी फेज आहे असं भासवणारा डबा. मोटार फसते. पण व्होल्टेज इतकं खाली येतं की दिवा पिवळा पडतो आणि आमचा खोका बंद होतो.

"मोटार चालू झाली की तुमचं इंटरनेट झोपतंय," आप्पा म्हणाले. एवढं बोलून थांबले. श्वास घेतला. "पाणी तर पाजाय पायजेच की."

"पाजा की आप्पा. खोक्याची सोय मी करतो."

गाडीत एक छोटा यूपीएस होता. तो लावला. शेजाऱ्याची मोटार सुरू असताना खोका तासभर चालवून बघितला. चालला. काम संपलं होतं. मी बॅग आवरत होतो, तेव्हा आक्कांनी विचारलं, "त्या गाडीचा नंबर लागतोय का तेवढं बगून जावा की."

टीमने हे बघितलं नव्हतं. विक्री करणाऱ्याने बघितलं नव्हतं. आमच्या जोडणीनंतरच्या चेकलिस्टमध्ये स्पीड आहे, वायफायचा पासवर्ड आहे, टीव्हीची चॅनेलं आहेत. एकशेआठ नाही. मी लावून बघितला. पुढचं सुरुवातीला लिहिलं आहे.

असं का झालं, ते समजायला सोपं आहे. एकशेआठ हा खरा फोन नंबर नाही. तो सांकेतिक नंबर आहे. तुम्ही तो फिरवला की एक्स्चेंज बघतं, ही लाइन कुठल्या जिल्ह्यातली. मग त्या जिल्ह्याच्या केंद्राचा खरा नंबर लावून देतं. निपाणीच्या जुन्या एक्स्चेंजला माहीत होतं की आप्पांचं घर बेळगाव जिल्ह्यात आहे. आमची केबल मात्र या मळ्यात कागलकडून आली आहे, कारण तिकडून जवळ पडत होतं. खड्डे कमी खणावे लागले. त्यामुळे आप्पांचा फोन कोल्हापूरच्या सर्व्हरवर टांगला आहे. त्या सर्व्हरला एकच यादी दिलेली आहे. त्याच्या लेखी त्याच्यावर टांगलेलं प्रत्येक घर महाराष्ट्रात आहे.

हा भाग कुठल्या राज्याचा यावर आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या वाद चालू आहे. मोर्चे झाले, कोर्ट झालं. आमच्या कंपनीने तो वाद खड्डे वाचवण्यासाठी निकालात काढला.

मी तिथूनच एरिया मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर कोल्हापूरला बसतात.

"कांबळे, तक्रार काय होती?"

"फोन बंद पडत होता. ते झालं. पण एकशेआठ महाराष्ट्रात लागतोय."

"मग लागतोय ना?"

"सर, घर कर्नाटकात आहे."

"तक्रारीत ते आहे का?"

"तक्रारीत नाही. घरात दम्याचा पेशंट आहे. सर्व्हरवर या भागाच्या नंबरांसाठी वेगळी नोंद टाकायला लागेल. सर्व्हरवाल्यांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"चेंज रिक्वेस्ट काढावी लागेल. हेड ऑफिसचं अप्रूव्हल लागेल. त्या बाजूला आपली घरं किती आहेत? मूठभर. कोण देणार अप्रूव्हल?"

"तोपर्यंत गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"टर्म्समध्ये आहे, इमर्जन्सी कॉलची गॅरंटी नाही म्हणून. तुम्ही तिकीट क्लोज करा."

तिकीट म्हणजे तक्रारीचा नंबर. तो ठरलेल्या मुदतीत बंद झाला नाही तर मॅनेजरच्या महिन्याच्या रिपोर्टवर लाल शेरा पडतो. मी सांगितलं, मी क्लोज करणार नाही. मेल करतो.

"मेल करा की," मॅनेजर म्हणाले. "मेल करायला कोण नको म्हणतंय?"

त्याच संध्याकाळी मी मेल केला. घर कुठे आहे, पेशंटला काय आहे, दोष कुठे आहे, उपाय काय आहे. मराठीत आणि इंग्रजीत. उत्तर आलं नाही.

निघण्याआधी मी आक्कांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर निपाणीतल्या एका खासगी रुग्णवाहिकेचा नंबर खडूने लिहून दिला. तो खरा नंबर होता, सांकेतिक नव्हे. कुठल्याही फोनवरून लावला तरी निपाणीतच वाजणारा. आणि सांगितलं, "आक्का, जुनी लाइन पुन्हा जोडून घ्या. टेलिफोन खात्याकडं अजून बंद झालेली नसंल. आप्पांच्या नावावर हाय, तर आप्पांचाच अर्ज लागंल."

"सुनील काय म्हंतोय बगते. त्यानंच हौसेनं घेटलंय न्हवं."

सुनील घरी आला तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं. रविवार होता. तो चिडलेला होता आणि ते मला मान्य होतं.

"साहेब, तुमी कुठल्या कंपनीचं?"

"ह्याच."

"मग तुमीच आमाला सांगताय, तुमचा फोन काढा म्हणून?"

"काढा म्हणत न्हाय. इंटरनेट राहू दे. बापाचं तोंड बघायचं तर ते चांगलंच हाय. पण शेजारी जुनी लाइन ठेवा. गाडी बोलवायला."

"दोन दोन फोन? गावात लोक हसतील की. म्हणतील, सुनील्या एक्स्चेंज काढतोय."

"हसू देत," आप्पा खाटेवरून म्हणाले. श्वास. "हसणारं कोण... खांदा द्यायला येणाराय?"

"तुमी गप बसा आप्पा. बोलू नका म्हटलंय डॉक्टरनं."

"गप बसाय... कवापण बसतोय की."

आक्का हसल्या. सुनील हसला नाही. त्याने खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. आमच्या कंपनीचा मेसेज होता: 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आमची सेवा निवडल्याबद्दल धन्यवाद.'

"ह्ये बघा. शुक्रवारी आलाय. दुरुस्त झालंय."

काय झालं होतं ते मला तिथेच कळलं. माझं तिकीट मी क्लोज केलं नव्हतं. मॅनेजरने केलं होतं. तिकीट बंद झालं की मेसेज आपोआप जातो. मेसेजला सर्व्हर बदलला की नाही ते माहीत नसतं. त्याला फक्त मुदत माहीत असते.

मी सुनीलला सांगितलं, "झालेलं न्हाय. ह्यो नुसता मेसेज हाय."

"तुमची कंपनी म्हणत्या झालंय. तुमी म्हणताय न्हाय. मी कुणाचं ऐकू?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. मी पुन्हा एकशेआठ लावून दाखवायला तयार होतो. पण त्या केंद्रावर खरे पेशंट ताटकळत असतात. टेस्टसाठी दुसऱ्यांदा त्यांची लाइन अडवणं मला पटलं नाही. मी म्हटलं, सोमवारी ऑफिसातून सर्व्हरची नोंद बघतो आणि कळवतो. शेवटी सुनील म्हणाला, "बरं, अर्ज करू. पण आता मी दुपारच्या गाडीनं जाणार. पुढच्या खेपेला आप्पांना घिऊन निपाणीला जातो."

सोमवारी मी बघितलं. नोंद झालेली नव्हती. सुनीलला कळवलं. तो म्हणाला, रजा टाकतोय, शनिवारी येतोय.

शनिवारी तो आला. अर्ज सोमवारी करायचा होता, कारण शनिवारी दुपारनंतर निपाणीचं ऑफिस बंद होतं. रविवारी दुपारी आप्पांना धाप लागली.

मी तिथे नव्हतो. सुनीलने आणि आक्कांनी नंतर सांगितलं ते लिहितो.

जेवण झालं होतं. पलीकडच्या शेतात उसाचं पाचट पेटवलं होतं आणि वारा घराच्या दिशेने होता. धूर सोप्यात आला. आप्पा उठून आत जायला निघाले आणि भिंत धरून खाली बसले. आक्कांनी आधी भिंतीवरचा नंबर लावला. उचलला गेला. ती गाडी एक पेशंट घेऊन बेळगावला गेली होती. ड्रायव्हर म्हणाला, एकशेआठ लावा, ती लवकर येईल. त्याचं काही चुकलं नाही. सुनीलने एकशेआठ लावला.

"आपला जिल्हा सांगा."

"बेळगाव."

पुढचं मी ऐकलेलंच होतं. फरक एवढाच की या वेळी ती टेस्ट नव्हती. सुनील ओरडला. पलीकडच्या बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी गावाचं नाव घेतलं, जवळची खूण विचारली, आणि म्हणाल्या, मी कर्नाटकच्या केंद्राला कळवते, तुम्ही लाइनवर थांबा. त्यांनी कळवलंही. त्यांच्या अधिकारात जेवढं होतं ते सगळं त्यांनी केलं. पण एका राज्याच्या केंद्राने दुसऱ्या राज्याच्या केंद्राला सांगायचं, त्यांनी पुन्हा पत्ता विचारायचा, मग गाडी निघणार. सुनीलच्या हातात रिसीव्हर होता आणि समोर बापाचे ओठ काळे पडत होते.

"थांब म्हणत्यात, थांबू का?" त्याने आईला विचारलं.

आक्का म्हणाल्या, "थांबून काय करतोस? शेजारचा शिवा टेंपो घिऊन आलाय." शिवा म्हणजे शेजारी, ज्याची कंडेन्सरवरची मोटार आमचा खोका बंद पाडायची. आप्पांची घरघर त्याला बांधावर ऐकू आली होती. त्याने टेंपोतली खताची पोती खाली फेकली आणि गादी टाकली. आप्पांना उचलून आत घातलं. सुनीलने रिसीव्हर तसाच सोडला.

कर्नाटकच्या केंद्राने निपाणीहून गाडी सोडली होती. ती वेगात आली. अर्ध्या वाटेत, गावच्या फाट्याजवळ, टेंपो आणि रुग्णवाहिका एकमेकांच्या समोरून गेल्या. सुनीलला वाटलं, ती दुसऱ्या कुणासाठी असेल. कारण त्याच्या हिशेबाने आपल्यासाठी गाडी अजून निघालीच नव्हती. शिवाने हॉर्न वाजवला नाही. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला टेंपोत पेशंट आहे हे कळायला मार्ग नव्हता. त्याने दोनदा आप्पांच्या घरी फोन लावला होता. घरात रिसीव्हर लोंबकळत होता. लाइन बिझी लागत होती.

ज्या गाडीत ऑक्सिजन होता ती रिकाम्या घराकडे गेली. ज्या माणसाला ऑक्सिजन हवा होता तो खताच्या टेंपोतून निपाणीला गेला.

आप्पा वाचले. निपाणीतल्या डॉक्टरांनी बेळगावला पाठवलं. तिथे बरेच दिवस अतिदक्षता विभागात राहिले. घरी आले तेव्हा पूर्वीसारखे नव्हते. आधी ते काठी न घेता विहिरीपर्यंत जायचे. आता खाटेवरून न्हाणीपर्यंत जातात आणि मध्ये एकदा बसतात. बोलणं आणखी तुटक झालं आहे. पण बोलतात.

मी दवाखान्यात भेटायला गेलो होतो. त्यांनी मास्क बाजूला केला. नर्स ओरडली. ते म्हणाले, "कांबळेअण्णा, तुमची केबल... लई लांब जात्या." मास्क परत लावला.

अर्ज सुनीलने दवाखान्यातूनच आप्पांच्या सहीने केला. खात्याचा लाइनमन दुसऱ्या दिवशी आला. गोठ्यातली गुंडाळलेली तार तशीच होती. त्याने ती उलगडून खांबाला जोडली. डायल टोन आला. आक्कांनी पहिला फोन बहिणीला लावला आणि दहा मिनिटं रडल्या.

आप्पा दवाखान्यात असतानाच, एका मंगळवारी, मी कोल्हापूरला गेलो. मॅनेजरच्या टेबलावर माझ्या मेलची प्रिंट ठेवली.

"हे तुम्ही वाचलं होतं का?"

"कांबळे, आवाज खाली."

"आवाज खालीच आहे सर. वाचलं होतं का?"

"फॉरवर्ड केलं होतं."

"कुणाला?"

"संबंधितांना."

"आणि तिकीट?"

"मुदत संपत होती. क्लोज करावं लागतं. ती सिस्टिम आहे."

"त्या क्लोजमुळे मेसेज गेला. मेसेजमुळे त्यांना वाटलं दुरुस्त झालं. सोमवारी मी न्हाई म्हणून सांगितलं, तोपर्यंत मुलगा बेळगावला परत गेला होता. अर्ज एक आठवडा लांबला."

"पेशंट वाचला ना?"

मी कितीतरी ऑफिसांत काम केलं आहे. वाक्यं खूप ऐकली. हे वाक्य उत्तर मागत नव्हतं. ते फाइल बंद करत होतं.

मग ते म्हणाले, "टर्म्समध्ये स्पष्ट आहे. गिऱ्हाइकाने वाचायला पाहिजे."

"टर्म्स इंग्रजीत आहेत. आक्का चौथीपर्यंत शिकल्या आहेत. मराठीत."

"मग मुलाने वाचायला पाहिजे."

"मुलाने विचारलं होतं. आपल्या माणसाने त्याला सांगितलं, अमेरिकेलासुद्धा लागतो."

मॅनेजरने चहा मागवला. माझ्यासाठीही. मी घेतला नाही.

चौकशी झाली. मी लेखी दिलं, सुनीलने लेखी दिलं. निकाल यायला वेळ लागला. शेवटी हेड ऑफिसने कारवाई केली. कारवाई म्हणजे एक स्टिकर. इंग्रजीत, बारीक अक्षरांत: या उपकरणावरून आपत्कालीन सेवांना लागणारे कॉल योग्य ठिकाणी पोचतीलच असं नाही. स्टिकर खोक्याच्या तळाला लावायचा, अशी सूचना होती. समोर लावला तर खोका विद्रूप दिसतो.

सोबत एक ओळ होती. ग्राहकांना सूचना दिली गेल्यामुळे सर्व्हरवरच्या बदलाची आता आवश्यकता उरलेली नाही.

स्टिकरचं पाकीट माझ्याकडे आलं, कारण ओढ्याच्या अलीकडची सगळी घरं माझ्याकडे आहेत. मी घरोघरी गेलो. स्टिकर खोक्याच्या वर लावला. त्याखाली मार्करने मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलं: रुग्णवाहिका, पोलीस, अग्निशमन या फोनवरून बोलावू नका, फोन दुसऱ्या राज्यात लागतो. कन्नड अक्षर नीट यावं म्हणून एका शाळामास्तरांकडून लिहून घेतलं. ज्या घरी जुनी तार अजून खांबावर होती, तिथे सांगितलं की ही कुणालाही कापू देऊ नका, मी आलो तरी.

कंपनीने मला मेमो दिला. कंपनीची मालमत्ता खराब केल्याबद्दल. मी उत्तर दिलं की मार्कर पुसता येतो, कंपनीने माणूस पाठवून पुसून घ्यावा. माणूस अजून आलेला नाही. कारण तो माणूस मीच आहे.

सर्व्हरवर बदल झालेला नाही.

वाचणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. इंटरनेटचा फोन वाईट नाही. लांबच्या लेकराशी, नातेवाइकांशी बोलायला तो चांगला आहे, आणि माझं पोट त्याच्यावर चालतं. पण गावाबाहेर राहत असाल, त्यातून सीमेजवळ राहत असाल, तर घेण्याआधी विक्री करणाऱ्याला समोर बसवून दोन गोष्टी विचारा. करंट गेला तर हा फोन किती वेळ चालेल? आणि एकशेआठ लावला तर कुठल्या गावात वाजेल? 'सगळीकडं लागतो' हे उत्तर नाही. 'टर्म्समध्ये आहे' हे तर मुळीच नाही. गावाचं नाव मिळेपर्यंत सही करू नका. आणि जुनी तार कापायला कुणी खांबावर चढलं, तर त्याला आधी खाली उतरवा, मग चहा द्या.